आईचं नाव लिहिलेला ताईत

आमचं दुकान सोनाराचं, पण सोनं थोडं आणि ताईत फार. नाशिकजवळच्या लहान गावातलं दुकान ते. लग्नाचे दागिने करायला लोक शहरात मोठ्या पेढीवर जायचे आणि मूल आजारी पडलं की आमच्याकडे यायचे. ताईताची तांब्याची, चांदीची पेटी आम्ही करून द्यायचो. आत घालायचा कागद किंवा पत्रा ते कुणा भगताकडून, नाहीतर फकिराकडून लिहून आणायचे. नवरा नळी वळवायचा, कड्या डाख देऊन जोडायचा. तोंडं लाखेनं बंद करायचं काम माझं.

चाळीस वर्षं मी ते काम केलं. माझा त्यावर विश्वास होता का, असं पुष्कळांनी विचारलं. दुरुस्तीला आलेल्या पेट्या मी उघडलेल्या आहेत. आत कधी आकडे निघायचे, कधी राख, एकदा बिस्किटाच्या पुड्याचा कागद निघाला. मी तोच परत आत घातला आणि वरून लाख लावली. पेटीत पाणी शिरू नये एवढंच माझं काम होतं.

नवरा गेला, दुकान विकलं. आता वर्षातले काही महिने मी मुलाकडे सौदी अरेबियात यान्बूला असते. तो तिथल्या एका प्लांटमध्ये इंजिनिअर आहे. घर चांगलं आहे, गार आहे, खिडकीतून दुसऱ्या घराची भिंत दिसते. समुद्र जवळ आहे म्हणतात. मला इथं थकवा येतो. गावी काम करून यायचा, इथं काही न करून येतो. सून सगळं करते आणि मला म्हणते, "आई, तुम्ही बसा." मी बसते. बसून बसून कंबर जाते.

पहिल्यांदा आले तेव्हा विमानात बसायच्या आधीच मुलानं माझ्या दंडावरचा काळा दोरा कापायला लावला होता. "आई, तिथं असलं काही चालत नाही. जादूटोणा हा तिथं गुन्हा आहे. तावीज, गंडा, दोरा, काही नको." मी कापून दिला. मला त्याचं काही नव्हतं, सासूनं बांधला होता म्हणून राहिला होता.

नात अकरा वर्षांची. इंडियन स्कूलमध्ये सहावीला आहे. मी मराठीत बोलते, ती अर्ध्या इंग्रजीत उत्तर देते, आमचं भागतं. यंदा तिला रोमन लोकांवर प्रोजेक्ट होतं. शाळेनं शिक्का मारून दिलेल्या माहितीच्या कागदातली एखादी वस्तू निवडायची, ती करून न्यायची आणि तिच्याबद्दल लिहायचं. दुपारी मी आडवी झाले होते तेव्हा ती टॅब घेऊन आली.

"आजी, लुक. टू थाउजंड इयर्स ओल्ड आहे."

फोटोत सोन्याची बोटभर नळी होती. दोन्ही तोंडं बंद, वर कड्या.

"कड्या तीन कशाला लावल्यात?" मी म्हटलं. "दोन पुरतात."

"तुला काय माहीत हे काय आहे?"

"ताईत आहे. चाळीस वर्षं केलेत मी."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच त्या फोटोतून उठून आलेय. मग तिनं मला सगळं वाचून दाखवलं. रोमन लोक सोन्याचा नाहीतर चांदीचा कागदासारखा पातळ पत्रा घ्यायचे, त्यावर टोकानं लिहायचे, गुंडाळी करून नळीत घालायचे आणि गळ्यात बांधायचे. तापासाठी, डोळ्यांसाठी, बाळंतपणासाठी, भुताखेतांसाठी, कोर्टातली केस जिंकण्यासाठीसुद्धा. एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा आणि प्रत्येक ओळीत त्यातलं एक अक्षर कमी करायचं, म्हणजे तसा तापही कमी होतो. काही अक्षरं अशी की त्यांच्या टोकांना बारीक गोळे, ती कुणालाच वाचता येत नाहीत. दुसऱ्याचं वाईट करायचं असेल तर शिशाच्या पत्र्यावर लिहून विहिरीत टाकायचं. मी ऐकत होते. दोन हजार वर्षं झाली आणि माणसांनी त्यात काही सुधारणा केली नाही.

"आणि आजी, नाव लिहायचं. ज्याचा ताईत त्याचं, आणि त्याच्या आईचं. फादरचं नाही. व्हाय?"

"आमच्याकडेही आईचंच लिहायचे. बाप कोण हे आईच सांगणार. आई कोण ते सगळ्यांनी बघितलेलं असतं."

स्वयंपाकघरातून सून ओरडली, "आई, ती अकरा वर्षांची आहे!"

"मग कळेल तिला," मी म्हटलं.

नातीनं ताईत करायचं ठरवलं. ती पुठ्ठ्याची नळी घेऊन बसली तेव्हा मला राहवलं नाही. एसी दुरुस्त करणारा माणूस तांब्याच्या पाइपाचा एक तुकडा टाकून गेला होता. तो मी बोटाएवढा कापून घेतला. वायरमधली तांब्याची तार सोलून दोन कड्या केल्या. लाख कुठून आणणार? सुनेची जयपूरची लाखेची बांगडी फुटलेली होती, ती वितळवली. किती वर्षांनी हातात चिमटा धरला होता.  पत्रा म्हणून जेवणाच्या पार्सलचा ॲल्युमिनियमचा ट्रे कापला. त्यावर नातीनं संपलेल्या पेनाच्या टोकानं तासभर काहीतरी कोरलं. मी विचारलं नाही. तिनं गुंडाळी करून दिली, मी आत सरकवली आणि तोंडं बंद केली. लाख नखानं दाबून बघितली. पक्की होती.

"आजी, हे खरंच चालतं का?"

"मला माहीत नाही. मी पेट्या बंद करायचे."

"पण कुणी कम्प्लेंट करायला आलं कधी?"

"पेटीत पाणी शिरलं म्हणून आले. ताईत चालला नाही म्हणून चाळीस वर्षांत कुणीही आलं नाही."

तिनं पेटी नेऊन प्रोजेक्टच्या खोक्यात ठेवली. ज्याला ताईत चालला नाही त्याच्या घरचे सोनाराकडे यायच्या मनःस्थितीत नसतात, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दुपार होती, मला झोप येत होती.

त्याच आठवड्यात प्लांटचा शटडाऊन सुरू झाला. वर्षातून एकदा प्लांट बंद करून सगळं तपासतात. मुलाला एका मोठ्या टाकीच्या आत उतरून पाहणी करायची होती. मागच्या खेपेला एकाला आत चक्कर आली होती आणि त्याला दोराला धरून बाहेर काढलं होतं. हे तो जेवताना बोलला. सून म्हणाली, "मग तुम्हीच का?" तो म्हणाला, "अगं, गॅस टेस्ट केल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत." नात वरणभात चिवडत बसली होती. आमच्यापैकी कुणीही तिच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला सुनेचा फोन वाजला. तिनं ऐकलं आणि ती खुर्चीवर बसली. गेटवर मुलाच्या बॅगेत डब्याशेजारी धातूची नळी सापडली होती, दोन्ही बाजूंनी बंद केलेली. आधी त्यांना वाटलं, स्फोटकं. मग त्यांनी कड्या बघितल्या. मग ते जास्तच गंभीर झाले. मुलाचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, आणि गेटपास काढून घेऊन त्याला सिक्युरिटीच्या ऑफिसात बसवला होता. इकामा गेला म्हणजे नोकरी गेली, घर गेलं, नातीची शाळा गेली. आणि पोलिसात दिलं तर ते वेगळंच.

मी नातीच्या टेबलाचा खण उघडला. प्रोजेक्टचा खोका रिकामा होता. ती शाळेत होती.

"गाडी काढ," मी सुनेला म्हटलं.

"आई, तुम्ही मध्ये पडू नका. इथं हे किती मोठं धरतात तुम्हाला माहीत आहे का?"

"माहीत आहे. माझा दोरा कापला होता. पेटी मी केलीय, मीच सांगणार. शाळेचा तो कागद घे."

सुनेनं कागद घेतला आणि गाडी काढली. गेटवर एक लहान खोली होती. टेबलामागे पिकल्या दाढीचा सौदी अधिकारी, त्याच्या बाजूला हैदराबादचा क्लार्क, आणि भिंतीशी माझा मुलगा उभा. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावर टिश्यू पेपर पसरून त्यावर पेटी ठेवली होती. कुणी हात लावत नव्हतं.

"अम्मा, ये क्या है? सच बोलना," क्लार्क म्हणाला.

माझं हिंदी धड नाही. "तावीज है. खोटा. मतलब, शाला का," मी म्हटलं.

अधिकारी काहीतरी बोलला. क्लार्कनं पक्कड उचलली. ती बघून मी हात आडवा घातला, पेटीचा चेंदा झाला असता आणि आतलं कुणालाच वाचता आलं नसतं.

"तोडू नको. मैं खोलती. लायटर दे."

"लायटर? अम्मा, इधर माचिस ले के आये तो नौकरी जाती. नक्को बोलो ऐसा!"

मग मी चहाची किटली दाखवली. ग्लासात उकळतं पाणी घेतलं, पेटीचं टोक त्यात धरलं, बोटं भाजली, लाख मऊ झाली. नखानं ओढून काढली आणि गुंडाळी बाहेर टेबलावर पडली. क्लार्कनं ती पेन्सिलीनं उलगडली. वर गोळेवाली अक्षरं होती. त्याखाली एक शब्द, ओळीओळीला आखडत गेलेला. सगळ्यात खाली इंग्रजीत दोन नावं.

क्लार्कनं पहिलं नाव वाचलं आणि मुलाकडे बघितलं. दुसरं वाचलं.

"ये किसका नाम है?"

"मेरा."

त्यानं अरबीत सांगितलं. अधिकाऱ्यानं टेबलावरचा हात मागे घेतला. क्लार्क माझ्याजवळ वाकून हळू बोलला, "अम्मा, इधर जादूगर लोगां माँ का नाम पूछते. वही उनकी पहचान है. मस्जिद में भी बताते, जो माँ का नाम पूछा उससे भागो."

 मी खुर्ची ओढून बसले, कुणी बस म्हटलं नव्हतं. सुनेच्या हातातला कागद घेऊन क्लार्कपुढे टाकला. "पढ. सब पढ."

त्यानं शाळेचा कागद वाचायला सुरुवात केली. रोमन लोक, पत्रा, गुंडाळी, आणि मग ती ओळ: माणसाचं नाव आणि त्याच्या आईचं नाव लिहीत असत. ती ओळ त्यानं अरबीत दोनदा सांगितली. अधिकाऱ्यानं कागद स्वतःच्या हातात घेतला, शाळेचा शिक्का बघितला. मग मला थेट विचारलं, "या खाला," म्हणजे ए मावशी, आणि पुढचं मला समजलं नाही.

"पूछ रहे, बॅग में किसने रखा?"

मुलानं तोंड उघडलं. मी आधी बोलले. "पोती ने. ग्यारा साल. बाप टाकी में जाता, वो डरी. मेरे को छुपाना होता तो बूट के तळवे में सी देती. डब्बे के बाजू में कौन रखता?"

क्लार्कला हसू आलं. ते त्यानं गिळलं आणि भाषांतर केलं. अधिकारी हसला नाही. पण त्यानं कात्री मागवली. तोंडातल्या तोंडात प्रार्थनेसारखं काही म्हणत त्यानं पत्र्याच्या बारीक पट्ट्या केल्या आणि माझ्याच ग्लासात टाकल्या. रिकामी पेटी उचलून प्रकाशात धरली, कड्या बघितल्या, आत बोटाचं टोक घालून बघितलं. मग क्लार्कशी बोलला.

"कह रहे, हाथ अच्छा है आपका. अब मत चलाना."

पेटी त्यानं खणात ठेवली. मुलाकडून एक कागद लिहून घेतला, पुन्हा असं होणार नाही म्हणून. इकामा तिथंच परत दिला. गेटपास तीन दिवसांनी मिळेल म्हणाला. टाकीत दुसरा माणूस उतरला. दुपारी बाहेर येऊन जेवला. आत काहीच झालं नाही, हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

 संध्याकाळी चहा घेताना मुलगा म्हणाला, "आई, निदान कच्ची तरी बंद करायचीस. गेटवर हातानं उघडली असती तर शाळेचं खेळणं म्हणून तिथंच मिटलं असतं."

"मला कच्ची बंद करता येत नाही," मी म्हटलं.

त्याला ते खरं वाटलं असावं. त्यानं कप ठेवला आणि तो आत गेला.

नातीला तिच्या आईनं बोलायचं ते बोलून झालं होतं. डोळे पुसून ती माझ्या पलंगावर येऊन बसली.

"आजी, पण पप्पा टँकमध्ये गेले नाहीत. सो इट वर्क्ड."

मी दमले होते. तरी ह्या वेळी तिला सगळं सांगितलं. दुकानातली बिस्किटाच्या पुड्याची पेटी सांगितली. ज्यांची मुलं ताईत बांधूनही गेली ते तक्रार करायला कधी आले नाहीत, हेही सांगितलं. त्यातली दोन मुलं मला चेहऱ्यानं आठवत होती.

 तिनं टॅब बाजूला ठेवून कागद घेतला. वस्तू करून न्यायची नाही, नुसतं चित्र काढायचं, असं तिच्या बापानं सांगितलं होतं. तिनं नळी काढली, बाजूला उलगडलेला पत्रा काढला, गोळेवाली अक्षरं काढली. खाली नावांसाठी दोन रेघा मारल्या आणि त्या रिकाम्या ठेवल्या.

कड्या तिनं दोनच काढल्या.