साहेबांचे टायर

शिलाई कारखान्यातल्या सुपरवायझरांना सगळे पाठीमागे 'कडक इस्त्री' म्हणत. मुलाने टाकून दिलेली, डोंगरात चालवायची सायकल दामटत ते कामावर येत. टायर जाडजूड, खाचाखाचांचे. डांबरी रस्त्यावर त्यांची नुसती घरघर चाले. "सायकल मला नेतेय की मी सायकलला?" असं करवादत शेवटी ते सायकलवाल्याकडे गेले.

"चाकं तीच राहू द्या," सायकलवाला म्हणाला. "अरुंद, गुळगुळीत टायर घालतो, त्याच मापाच्या ट्यूब टाकतो आणि हवा टणक भरतो. वाऱ्यासारखी पळेल."

सायकल खरंच पळाली. दुसऱ्या दिवशी साहेब कुणाला चाहूलही न लागता कारखान्यात शिरले.

आत एकही मशीन चालू नव्हतं. साहेबांच्या खुर्चीत काजं-बटणं करणाऱ्या मावशी बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, गळ्यात टेप. "ही शिलाई आहे की गांडुळाची वाट?" त्या साहेबांच्या थाटात गरजल्या. बाकीचे पोट धरून हसत होते.

साहेबांचा पारा चढला. तेवढ्यात मावशींची नजर दारात गेली. त्या दचकून उठल्या, पण उलट त्यांनीच फणकाऱ्याने विचारलं, "साहेब, टायरचा आवाज कुठे गेला हो? माणसाला काही कळायला नको?"

आपण येताच सगळी मशीनं धडधडत का असायची, ते साहेबांना आत्ता कुठे कळलं.

संध्याकाळी ते पुन्हा सायकलवाल्यासमोर उभे. "पुढचा राहू दे गुळगुळीत," ते गुरकावले. "मागे जुनाच घाल. कारखान्यात माझा दरारा आहे, तो टिकायला हवा."