कापसाच्या गोदामातलं चर्च आणि रविवारचे रोडगे

रूथनं फोनवर इकडचं-तिकडचं काही न विचारता सरळ सांगितलं, "आमचं चर्च बंद व्हायच्या बेतात हाय. पाहाचं असंल तं ये. मंग म्हणू नको, सांगितलं नाई."

रूथ ही माझी कॉलेजातली मैत्रीण. अमरावतीच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो, त्याला आता कैक वर्षं झाली. तेव्हापासून ती मला तिच्या गावी बोलावते आहे आणि तेव्हापासून मी 'शाळेला सुट्टी लागली की येते' म्हणते आहे. मी निवृत्त होऊनही आता बराच काळ लोटला. सबब शिल्लक नव्हती. त्याच दिवशी पुण्याहून तिकीट काढलं.

हे चर्च मेथडिस्ट पंथाचं, अगदी छोटं. पाच-सात घरांची मंडळी. तरुण पोरं नोकरीसाठी पुण्या-नागपूरला गेलेली. त्यामुळे वरिष्ठांच्या मनात आलं होतं की दर रविवारची उपासना इथं थांबवावी, मंडळी तालुक्याच्या चर्चला जोडावी आणि इमारत फक्त नाताळला उघडावी. हे ठरवायला रविवारी डीएससाहेब येणार होते. डीएस म्हणजे चर्चच्या जिल्ह्याचे अधीक्षक. सरकारी नव्हेत, पण गावात धास्ती तेवढीच. रूथचं लग्न याच चर्चमध्ये लागलं, तिच्या नवऱ्याला निरोपही इथूनच दिला, आणि दाराची किल्ली तिच्या कमरेला आहे. तिचा आवाज फोनवर नेहमीसारखा खणखणीत होता, म्हणूनच मला काळजी वाटली.

मी ख्रिस्ती नाही. फारशी देवभक्तही नाही. पण वेळेवर येऊन गप्प बसणं मला जमतं, आणि बहुतेक धर्मांना तेवढं पुरतं.

शुक्रवारी सकाळी अकोल्यात उतरले. त्याआधी शेगाव स्टेशनवर कचोरी घ्यावी. गाडी थोडाच वेळ थांबते, तेव्हा सुटे पैसे हातात ठेवावेत आणि डब्याच्या दारातून उतरू नये. माझ्यासमोरचे एक गृहस्थ उतरले आणि मग धावले. कचोरी मात्र हातात होती. अकोल्याहून मूर्तिजापूरला एसटी दर थोड्या वेळानं मिळते. पुढे काळीपिवळी, म्हणजे शेअरची जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि 'भरली' या शब्दाचा अर्थ ड्रायव्हर ठरवतो. मी पुढे दोघांची जागा धरून पैसे दिले. सर्वांनी मला चमत्कारिक बाई ठरवलं, पण गुडघे शाबूत राहिले. फेब्रुवारीत जा. ऊन सोसण्यासारखं असतं आणि वेचणीचा शेवटचा कापूस घेऊन ट्रॅक्टर बाजाराला चाललेले असतात. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकलेले दिसतात.

ड्रायव्हरनं विचारलं, "कोणाकडं जाता मावशी?"

"चर्चमध्ये."

"गोदामात? मंग दारातच सोडतो. गाडी आतच जाते जी."

मला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. अमेरिकेत यादवी पेटली आणि तिकडचा कापूस विलायतेला जाईना, तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत कुणा व्यापाऱ्यानं हे गोदाम बांधलं. तेजी ओसरली, व्यापारी गेला, गोदाम पडून राहिलं आणि पुढे कधीतरी मिशनच्या हाती आलं. त्यामुळे चर्चचं दार लादलेली बैलगाडी आत जाईल एवढं आहे. भिंतीत बैल बांधायच्या कड्या आहेत. वेदीच्या बरोबर वर वजनकाट्याचा लोखंडी आकडा लोंबतो. नाताळात त्याला तारा टांगतात, एरवी पाळकसाहेब त्याखाली उभे राहून प्रवचन करतात. मला उपासनेकडे लक्ष देणं अवघड गेलं ते या आकड्यामुळे.

शनिवार सगळा साफसफाईत गेला. मी पाहुणी होते, म्हणून मला फक्त पितळी क्रूस आणि दानाची थाळी चिंचेनं घासायला दिली. ते झाल्यावर मी आपणहोऊन देखरेखीचं काम घेतलं, कारण ते कुणीच करत नव्हतं. बायका बाकांना वाळवी लागू नये म्हणून रॉकेलचा बोळा फिरवत होत्या. पुरुष चुन्यात नीळ किती घालावी यावर भांडत होते. एक भिंत पांढरी झाली, दुसरी निळी. शांतवनभाऊ, कापसाच्या जिनिंगमधले निवृत्त फिटर आणि या चर्चचे हार्मोनियमवाले, उंदरांनी कुरतडलेला पेटीचा भाता सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून सांधत होते. त्यांना ऐकू कमी येतं. पेटी वाजवणाऱ्याला ऐकू कमी येतं, हे मला जरा धाडसाचं वाटलं. पण ती सगळी गाणी त्यांच्या बोटांत आहेत आणि एक संपलं की दुसरं, ठरल्या क्रमानं, ते थांबत नाहीत.

संध्याकाळी सगळं लखलखीत झालं आणि मग खरी अडचण दिसली. एवढं मोठं गोदाम, एवढे बाक, आणि माणसं मूठभर.

"बाक रिकामे दिसले तं साहेब तिथंच निकाल देते," रूथ म्हणाली. "आपापल्या शेजाऱ्यायले बलवा."

"ही फसवणूक आहे," मी म्हटलं.

"फसवणूक कायची व? नाताळले बलावतोच नं आमी त्यायले. त्यायच्या लग्नाले आमचे बाक जाते, आमच्या सणाले थे येते. रविवारी आले तं काय बिघडलं?"

"मग साहेबांना सांगा की पाहुणे आहेत."

"विचारलं तं सांगू."

तोवर पुढचा प्रश्न उभा राहिला होता: पाहुणे बोलावले तर त्यांना उपाशी कसं पाठवायचं? चहा-बिस्किटावर भागवा, असं मी सुचवलं. सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की पुणे या विषयावर पुढे बोलायची गरज उरली नाही. रोडगे ठरले.

ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी: कणकेचे तुपाचा हात लावून वळलेले घडीचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, फोडून वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. एक रोडगा खाल्ला तर जेवण होतं. दुसरा आग्रहानं वाढतात. तिसऱ्याला उठून पळावं. यात एक ग्यानबाची मेख आहे: प्रत्येक घरानं आपापली कणीक आणायची असते, आणि आपले रोडगे दुसरीच्या हाती सोपवणारी बाई वऱ्हाडात अजून मला भेटलेली नाही. शिवाय आर सांभाळणं हे पुरुषांचं मानाचं काम. रूथनं दोघांना आगीपाशी नेमलं आणि बाकीच्यांना बजावलं, "उपासनेले सगळे आत पायजे."

सगळे हो म्हणाले.

रविवारी सकाळी मी पुढच्याच बाकावर जाऊन बसले. मागं वळून पाहिलं तर बाक गच्च. बायका डोक्यावरून पदर घेऊन, पुरुष स्वच्छ टोप्या घालून, पोरांना दटावून गप्प केलेलं. मला फार बरं वाटलं. काल चुन्यावरून भांडलेला एकही चेहरा मात्र त्यात दिसेना. उशीर करतायत, असं मनात म्हणून मी नापसंतीनं घड्याळ पाहिलं.

डीएससाहेब आले. उंच, शांत, थकलेले गृहस्थ. भरलेले बाक पाहून दारातच थबकले. पाळकसाहेब, वयानं तरुण आणि त्या क्षणी घामाघूम, यांनी उपासना सुरू केली. शांतवनभाऊंनी पेटी धरली. पाहुण्यांना गाणं येत नव्हतं, पण वऱ्हाडी माणूस वाजतंय तिथं गप्प बसत नाही. देवरावभाऊ पाटील, गावच्या भजनी मंडळाचे टाळकरी, यांनी टाळ्यांचा ठेका धरला. दुसऱ्या कडव्याला गाणं धावू लागलं, तिसऱ्याला उधळलं. शांतवनभाऊ आपल्या लयीत शेवटी पोचले तेव्हा बाकीचे कधीच संपवून बसले होते.

शास्त्रपाठ रूथचा होता. ती मागच्या दारानं धावत आली, कोपरापर्यंत कणीक, उतारा सुंदर वाचला आणि धावत परत गेली. साहेबांच्या भुवया किंचित वर गेल्या.

प्रवचनाआधी ते म्हणाले, "या मंडळीचे सभासद जरा उभे राहतील का? मला तुम्हाला पाहायचं आहे."

साहेबांनी उभं राहा म्हटल्यावर बसून कोण राहणार? अख्खं गोदाम उभं राहिलं. पोरंसुद्धा. मी बसून राहिले, आणि त्यामुळे सगळ्यांत आधी मीच दिसले.

"बाई, आपण?"

"मी सभासद नाही. मी पुण्याची. परवा आले."

"अच्छा. आणि आपण?" त्यांनी माझ्या शेजारणीला विचारलं.

"मी सुमन. माळीन हावो जी. चर्चच्या मांगं मेथी-सांबाराचे वाफे हायेत नं, थे माये." (सांबार म्हणजे इकडं कोथिंबीर.)

"मग मंडळीच्या..."

"नाई नाई. आमचा देव घरी हाय. रूथबाईनं बलावलं म्हून आली."

साहेब पुढच्या बाकाकडे वळले. देवरावभाऊंनी हात जोडले. "आमी पाटील, साहेब. आमच्या आज्यापासून येणं-जाणं हाय. पण सभासद म्हणसान तं नाई."

एकानं खरं सांगितलं की बाकीच्यांना खोटं बोलणं जड जातं. "आमी बी नाई." "आमी वावरवाले." "मी तं जीप चालवतो." बाकांच्या रांगांवरून 'नाई, नाई' शेवटपर्यंत पोचलं. पाळकसाहेबांनी वर आकड्याकडे पाहिलं. मला वाटलं, मीच या चर्चला कुलूप लावलं. पण विचारल्यावर काय सांगायचं होतं?

"मग मंडळी कुठं आहे?" साहेबांचा आवाज अजूनही शांत होता.

सुमननं अगदी सहज सांगितलं, "थे मांगं रोडगे भाजून राह्यले जी."

साहेब मधल्या वाटेनं गेले आणि मागचं दार उघडून उभे राहिले. मीही मागोमाग गेले. एवढं करून बसून राहणं शक्य नव्हतं. अंगणात आराभोवती त्या पाच-सात घरांची सगळी मंडळी होती. आपण एकटेच आत नसलो तर काय फरक पडतो, असा विचार प्रत्येकानं स्वतंत्रपणे केला होता. धुरानं डोळे लाल, कपाळांना राख. साहेबांना पाहून सगळे जागच्या जागी थिजले. एका काकांच्या चिमट्यात रोडगा तसाच राहिला.

"सलाम, साहेब," रूथ म्हणाली. आवाजातला खणखणीतपणा गेला होता. मी तिला कधीच अशी पाहिली नव्हती. "पाहुणे उपाशी गेले असते, साहेब."

"आणि उपासना?"

तिनं कणकेचे हात पदराला पुसले.

आत मात्र शांतवनभाऊंना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. शास्त्रपाठानंतर दुसरं गाणं. त्यांनी पेटी सुरू केली. आणि अंगणातली मंडळी, कुणी न सांगता, गायला लागली. पुस्तक नाही, पाळक नाही. रूथनं वरचा सूर धरला, काकांनी खालचा, बायकांनी मधला. मी कॉलेजात संगीत मंडळ चालवलं आहे, मला बेसूर चटकन कळतो. तिथं तो नव्हता. दुसऱ्या कडव्याला काकांनी गाताना रोडगा उलटला, कारण तो करपत होता. अश्रूबिश्रू कुणी काढले नाहीत. धुरानं आधीच निघालेले होते. आतले पाहुणे हळूहळू दाराशी गोळा झाले. या वेळी देवरावभाऊंनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

साहेबांनी एक पालथं घमेलं ओढलं, त्यावर बसले आणि शेवटचं कडवं मंडळीबरोबर म्हटलं. प्रवचन तिथंच झालं, छोटंसं. ते छोटं का झालं हे वांग्याच्या भाजीच्या वासानं सर्वांना कळलं. साहेबांनी दोन रोडगे खाल्ले. तिसऱ्याला ते जीपकडे निघाले, पण निर्णय काही सांगितला नाही. "कळवतो," एवढंच.

त्या संध्याकाळी रूथनं एकटीनं बाक पुसले. मला हात लावू दिला नाही. "तू खरं बोलली, बरं केलं," ती म्हणाली, आणि एकच बाक बराच वेळ पुसत राहिली.

परतताना अमरावती केली. आमचं कॉलेज बाहेरून पाहिलं. पहारेकऱ्यानं 'माजी विद्यार्थिनी' या शब्दावर विश्वास ठेवला नाही. गिला वडा खाल्ला, तो मात्र अजून तस्साच आहे. चिखलदरा राहिलं. रात्रीच्या गाडीचं आरक्षण आधी करावं आणि खालचा बर्थ मागावा. मांडीवर वांग्याची टोपली देऊन पाठवणाऱ्या मैत्रिणी असतील तर नक्कीच.

घरी येऊन आठवडा झाला. या प्रवासातून काय राहिलं, असं स्वतःला विचारलं तर गोदाम आठवतं, कापसाचे पुंजके आठवतात, पण जास्त करून त्या अंगणातला वरचा सूर. मी अजूनही ख्रिस्ती नाही आणि पाहुण्यांनी बाक भरणं मला अजूनही पटलेलं नाही. तरी रोज फोन वाजला की मी पहिल्या घंटेला उचलत होते.

काल रूथचा आला. "उपासना राहिली. दर रविवारी. अट एकच घातली साहेबानं, मंडळीनं आत बसाचं."

"मग रोडगे?"

"सुमन अन् देवरावभाऊच्या घरचे भाजतो म्हणतेत. आमी आत, थे मांगं."

"अगं, मग बाक पुन्हा रिकामेच दिसणार!"

"दिसू दे नं बाप्पा. साहेबाले आता मालूम हाय, उरलेले कुठं हायेत थे."

तेव्हा जाणार असाल तर रविवार धरून जा. बैलगाडीच्या दारातून आत शिरलात आणि बाक रिकामे वाटले, तर परत फिरू नका. सरळ मागच्या दारानं अंगणात या, आणि येताना पोट रिकामं ठेवा.