पानिपतची उसवलेली सतरंजी

दिल्लीतला मराठी माणूस पानिपतला जातो तो हळहळायला. आम्ही निघालो सतरंजी आणायला. निदान लेकीला, मुक्ताला, तसं सांगितलं होतं. खरं म्हणजे तिच्याशी बोलायचं होतं; तिचा स्पर्धा परीक्षेचा शेवटचा अटेम्प्ट उरला होता. फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला संपत होती, आणि भूगोल शिकवायला येणार की नाही, हे नाशिकच्या एका शाळेला त्याआधी कळवायचं होतं. घरात तीन दिवस कुणी धड बोललं नव्हतं.

दिल्लीतल्या द्वारकेहून पहाटे निघालात तर दोनेक तास लागतात. वाटेत मुरथलला पराठा खा, एकच मागवा. लोण्याच्या त्या गोळ्यापुढे माझा संयम दरवेळी हरतो. तरी मी सुरुवात केली, "अगं, शास्त्रात म्हटलंय..."

"बाबा, संस्कृत नको यार! चार वर्षं घातलीयेत मी. आता सोडलं तर ती फुकटच ना?"

पानिपतला, काला आंबच्या युद्धस्मारकापाशी एक कोल्हापूरकर काका बायकोला लढाई समजावत होते. "तवाच मागं फिराय पायजे हुतं."

"तुमी सांगताय? चुकल्या रस्त्यावरनं कदी फिरलाय?"

मुक्ता खुदकन हसली.

पुढे गल्लीतला माग. विणकर यासीनचाचांकडे आम्ही आधीच सतरंजी सांगून ठेवली होती, पण ते ती विणत नव्हते, उसवत होते. पहिल्याच पट्ट्यात एक उभा धागा मोजायचा राहिला होता आणि नक्षी हळूहळू डावीकडे सरकली होती. मला तर ती चूक दिसतही नव्हती.

"चाचा, हमें चलेगा," मी उदारपणे म्हणालो.

"मुझे नहीं चलेगा, साहब."

कंगव्यासारख्या लोखंडी पंजाने ठोकून बसवलेला लाल दोरा लाटेसारखा कुरळा होऊन ओळीमागून ओळ बाहेर येत होता, कुठेही न तुटता. मी वैराग्यावरची वचनं जन्मभर पाठ केली. वैराग्य चालू असताना पहिल्यांदाच पाहिलं.

मुक्ता शेजारी उकिडवी बसली. "तीन दिन का काम गया ना, चाचा?"

"गया, बेटी. रख लूँ तो लौट आएगा क्या? अभी छह हाथ बाकी है. वो क्यों टेढ़ा बुनूँ?"

तुम्हाला हातमागाची सतरंजी हवी असेल, तर दुकानात न थांबता माग कुठे आहे ते विचारा. घाईत असाल तर जाऊच नका.

दुसऱ्या दिवशी सहाला मी तिच्या दाराशी घुटमळत होतो.

"बाबा, मुदत संपली," ती आतून म्हणाली. "दुपारीच नाशिकला फोन केला. चहा टाका."

महिन्याभराने सतरंजी आली, नक्षी अगदी मधोमध. मुक्ता नाशिकला आहे. ती चार वर्षं मोजणारा घरात आता मी एकटाच.