विसूकाकांची चाबी

जानव्याला घराची किल्ली बांधणारे पुष्कळ पाहिले. विसूकाका पंपाच्या मोटारीची बांधत. बनारसमधल्या आमच्या पंपघरात ते इलेक्ट्रिशियन होते. दुर्गाघाटावरच्या भिक्षुकाच्या घरात हाती टेस्टर धरलेला हा पहिलाच माणूस. नव्वदच्या दशकात मी नागपूरहून तिथे इंजिनियर म्हणून गेलो, तेव्हा मोटारींना दुरून हुकूम घेणारे ड्राइव्ह नुकतेच बसत होते. कंट्रोल रूममध्ये संगणकाचे बटण दाबले की शंभर पावलांवरची मोटार फिरे.

काकांनी त्या वायरिंगमध्ये स्वतःच्या हाताने एक किल्लीचा स्विच घातला होता. एका बाजूला ‘इथून’, दुसऱ्या बाजूला ‘तिथून’. ‘इथून’वर वळवून किल्ली काढली की कंट्रोल रूमचा हुकूम मोटारीपर्यंत पोचतच नसे. मग किल्ली जानव्याला आणि हात यंत्रात.

“ज्याचा हात मशीनमध्ये, चाबी त्याच्याजवळ. यात बहस नाही, साहेब,” ते मला बजावत.

पितृपक्षात एकदा वरिष्ठ पाहणीला आले. बटण दाबले, मोटार ढिम्म. किल्ली काकांच्या जानव्याला आणि काका घाटावर तर्पणाला. आमच्या साहेबांचा पारा चढला.

“ये जनेऊवाला कारोबार बंद करो!”

मी स्विचच्या मागे वीतभर तार जोडली. आता किल्ली फिरे, ती नावालाच; हुकूम तारेतून थेट मोटारीपर्यंत पोचे. काकांना सांगायला हवे होते. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत मी चार दिवस काढले. खरे तर त्यांच्या तोंडाला भीत होतो.

पाचव्या दिवशी काकांनी किल्ली वळवली, जानव्याला बांधली आणि मोटारीत हात घातला. तिकडे कुणीतरी बटण दाबले.

उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. चौकशीच्या आधीच मी ती तार काढून टाकली. ‘कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा’ असे लिहिलेल्या कागदावर सही माझीच आहे. असल्या माणसाला काय म्हणतात, ते मला ठाऊक आहे.

पुढच्या पितृपक्षात दुर्गाघाटावर ते दिसले, कमरेइतक्या पाण्यात. जानवे उजव्या खांद्यावर घेतलेले, किल्ली अजून त्यालाच.

“इस्पितळातून आल्यावर स्विच मी खोलून पाहिला होता, साहेब. स्क्रूवर ताजे ओरखडे होते.”

मी एक पायरी खाली उतरलो.

“ते जाऊ द्या,” ते म्हणाले. पितरांना पाणी सोडतात ते अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून. काकांनी तो हात माझ्यापुढे धरला. “बापाला पाणी आता कुठून सोडू, तेवढं सांगा.”