शोभाताईंचे बारा ब्लॉक मी उसवायला लावले

मैत्रिणींनो, आज मी फार वाईट वागले.

अमरावतीत घरीच मी क्विल्टचा क्लास घेते. सध्या 'फ्लाइंग गीज' ही नक्षी शिकवतेय. मधे कापडाचा मोठा त्रिकोण, दोन्ही बाजूंना लहान, असा एकेक ब्लॉक. ब्लॉक जोडल्यावर मोठ्याचं टोक साबूत राहिलं पाहिजे, सगळं कसब त्यातच.

शोभाताई नांदगाव पेठेच्या एका कारखान्यात शिलाई करतात आणि सुट्टीच्या दिवशी क्लासला येतात. आज त्यांनी बारा ब्लॉक करून आणले. प्रत्येकाचं टोक शिवणीत दबत होतं.

त्या म्हणाल्या, "म्या पाव इंचच शिवण घेतली जी. तुमचा पुठ्ठा एकदा मोजून पाहा ना, मले तो लहान वाटते."

मापाचा तो पुठ्ठा मी कापलेला. मला राग आला.

"पुठ्ठ्याले काहून दोष देता ताई? कारखान्यातली घाई इथं नाही चालत. उसवा सगळे." हे मी सगळ्यांसमोर बोलले.

त्या मान खाली घालून बाराही ब्लॉक उसवत बसल्या.

तासाभराने क्लासमधल्या दुसऱ्या एकीला कापड कापून देताना मी पुठ्ठ्याला पट्टी लावली. टोकाच्या वर शिवणीसाठी पाव इंच मी सोडलाच नव्हता. पुठ्ठा गुपचूप ड्रॉवरमध्ये टाकला. निघताना शोभाताईच म्हणाल्या, "पुढच्या खेपेले नीट करीन जी."

इथे कबूल करणं सोपं आहे, त्या फेसबुकवर नाहीत. पण बोलले चारचौघींत, मग फोनवर एकटीला सॉरी म्हणून भागेल का? तुम्ही काय केलं असतं?