पोळ्याच्या बैलांच्या कानातला कापूस

आमचे खापरपणजोबा तोफा डागायचे, हे मी घरातल्या पोरांना पंचवीस वर्षं सांगत आलो. दरवर्षी तोफ थोडी लांब व्हायची, मिशा थोड्या जाड. मागच्या पोळ्याला तर मी त्यांचा उजवा कान बहिरा करून टाकला. अर्थात दोष माझा एकट्याचा नाही. आबांकडून, म्हणजे वडिलांकडून, ती तोफ मला भरलेलीच मिळाली होती.

यंदा हडपसरच्या नव्या घराच्या दारात आबांनी संगमरवरी पाटी लावायची ठरवली. खापरपणजोबांचं नाव, खाली ‘गोलंदाज’, शेजारी तोफ. भावकीला आमंत्रणं गेली. पाटीवाला पोळ्याच्या दुपारी कोरायला घेणार, आणि नेमकं त्याच सकाळी पुतणीनं खापरपणजोबांच्या तोफखान्याच्या कामगिरीची जुनी इंग्रजी हकिकत कुठूनशी शोधून मला फोनवर पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘काका, आधी एकटेच वाचा.’ कागद सापडल्याचं मात्र ती आबांना आधीच सांगून बसली होती.

वाचलं आणि फोन खिशात दडवला. पुण्याच्या लष्कर भागातल्या गोऱ्या साहेबांनी, कारकुनांनी, दुकानदारांनी हौसेनं उभारलेला तोफखाना. लढाई एकही नाही. कवायत आणि सलामी, बस. गोलंदाज झाडून सगळे गोरे. आमच्या खापरपणजोबांचं नाव होतं, पण गाडीवानांत. दारूगोळ्याची गाडी ओढणारे बैल आमचे.

देव्हाऱ्यापुढे मातीचे बैल मांडून आई त्यांच्या कानांत कापसाचे बोळे बसवत होती. ही रीत फक्त आमच्याच घरात. का, ते कुणालाच ठाऊक नाही.

“आले ना कागद?” आबा म्हणाले. “वाच मोठ्यानं. सगळे बसलेत.”

“जेवणं होऊ द्या, आबा.”

“पंचवीस वर्षं न विचारता सांगतोस. आज विचारलं तर तोंड मिटलं?”

आबा ब्याऐंशीचे. त्यांच्याकडे न बघता मी मराठीत सांगत गेलो. गाडीवान म्हणताना आवाज चिरकला. मग पुढचं: एका सलामीत पहिल्याच बाराला बैल उधळले आणि दारूगोळ्यासकट गर्दीकडे निघाले. गाडीवानानं शिंगांना लोंबकळून जोडी थांबवली. पुढल्या सलामीपासून त्यानं बैलांच्या कानांत कापूस घातला.

आईचा हात थांबला. आबा बैलांकडे बघत राहिले, इतका वेळ की मला त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आठवल्या.

“म्हणजे तोफ त्यांनी उडवलीच नाही?”

“नाही, आबा.”

“तू उधळलेला बैल धरलायस कधी?”

“नाही.”

“मग रडवेलं तोंड करू नकोस.”

त्यांनी पाटीवाल्याला फोन लावला. “गोलंदाज खोडा. गाडीवान कोरा. तोफ नको, बैल काढा.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आबांनी आईच्या तळहातावरचा बोळा उचलून उरलेल्या कानात नीट बसवला आणि म्हणाले, “हो, कापूससुद्धा. लांबून दिसला पाहिजे.”