विहिरीची जागा

पहिल्यांदा विहीर हलली तेव्हा मला वाटलं, गोंदच कच्चा राहिला असेल.

हैदराबादच्या मलकपेठेत आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर तिथं आठ फूट लांब टेबल टाकून मी एक रेल्वे स्टेशन बांधायला घेतलं. खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशीपट लहान. परभणीच्या पुढं मीटरगेज लाइनीवरचं हे स्टेशन. वडील तिथं सांधेवाले होते. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची, त्याप्रमाणे सांधे बदलायचे. मी पाच वर्षांचा असताना त्यांची हैदराबादला बदली झाली. पुढं लाइन रुंद झाली, जुनं स्टेशन पाडलं. फोटो एकही नाही. जे बांधत होतो ते माझ्या आठवणीतून, आणि आई जिवंत असताना सांगायची त्या गोष्टींतून.

जमीन म्हणजे थर्माकोलवर प्लास्टर, आणि त्यावर वाळवून चाळलेला चहाचा चोथा. मराठवाड्याची काळी माती इतकी हुबेहूब दुसऱ्या कशातून येत नाही. घोसाळ्याच्या वाळक्या जाळीची झाडं केली, पन्हाळीच्या पुठ्ठ्याची कौलं केली. आमचं क्वार्टर बांधायला दोन महिने लागले. त्याच्या मागच्या दाराशी विहीर, आणि विहिरीच्या काठावर घागर घेतलेली, हिरव्या लुगड्यातली आई. बोटाच्या पेराएवढी.

या कामात मला एकच जोडीदार होता. दोन गल्ल्या सोडून राहणारा, आबिड्सला घड्याळदुरुस्तीचं दुकान असलेला म्हातारा. आम्ही एकमेकांना ‘भाई’ म्हणतो. विहिरीचा रहाट त्यानंच मनगटी घड्याळाच्या चाकातून करून दिला होता. स्टेशनाच्या भिंती मी चकचकीत रंगवल्या तेव्हा तो म्हणाला होता, “नवा मकान झूटा दिखता, भाई. थोडा मैला करो.” मग आम्ही दोघांनी खडूची भुकटी आणि पातळ शाई लावून भिंती जुन्या केल्या. गच्चीचा जिना बाहेरून आहे. तो केव्हाही यायचा, मी नसलो तरी बसायचा.

तर एका रविवारी आबिड्सहून ब्रश घेऊन आलो, आणि विहीर दारापासून वीतभर लांब होती. परत चिकटवली. पुढच्या आठवड्यात ती रुळाच्या पलीकडं गेली. आणि आई काठावर नव्हती. विहिरीपासून तिच्या मापानं पाचसहा पावलं लांब उभी होती. घागर हातात नव्हती, तीही उचकटून जमिनीवर ठेवलेली.

आता हे गोंदाचं काम नव्हतं.

मी विहिरीखाली पेन्सिलीनं गोल काढून ठेवला. घराबाहेर पडताना फोनवर फोटो काढू लागलो, परत आल्यावर ताडून बघू लागलो. मी घरी असलो की काही हलायचं नाही. मी बाहेर गेलो की हलायचं. प्लास्टरवर बारीक ओरखडे होते, एखाद्या टोकदार हत्यारानं गोंद खरवडल्यासारखे. असे बारीक स्क्रू-ड्रायव्हर कुणाकडं असतात ते मला माहीत होतं.

तरी मी गप्प राहिलो आणि भाईवर नजर ठेवली. तो खुर्चीत बसून डोळ्याला भिंग लावायचा आणि बराच वेळ क्वार्टरकडंच बघायचा. एकदा म्हणाला, “बावली उदर अच्छी दिखती.” विहीर तिकडं चांगली दिसते म्हणे. त्याला कसं माहीत ती ‘उदर’ होती म्हणून? मी तर ती परत दाराशी आणली होती. नंतर सुचलं, तो मधल्या दिवसांत येऊन गेला असेल, तेव्हा पाहिली असेल. पण नंतर सुचलेलं मनावर ठसत नाही.

घरात आम्ही दोघंच. मी आणि आक्का, माझी थोरली बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भावजी गेल्यावर गेल्या वर्षी नांदेडहून माझ्याकडं राहायला आली. तिचे गुडघे गेलेले, त्यामुळं तिला कधी वर नेलं नव्हतं. जेवताना मी तिला सगळं सांगायचो. एकदा तिनं विचारलं, “विहीर कुठं दाखवलीस?” मी म्हटलं, “कुठं म्हणजे? आपल्या दारातच.” ती भाकरी मोडत राहिली.

मी भाईवरचा संशय बोलून दाखवला तेव्हा मात्र ती म्हणाली, “त्या बिचाऱ्यावर कशाला आळ घेतोस?”

“मग दुसरं कोण येतं वर?”

ती ताटं उचलायला लागली.

मी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. तीन दिवसांनी विहीर पुन्हा रुळाच्या पलीकडं. आणि मग मला आठवलं की ते कुलूप भाईनंच दिलेलं, त्याच्या दुकानातलं जुनं. दुसरी किल्ली त्याच्याकडं राहिली असणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा मी त्याला जिन्यातच अडवलं. म्हटलं, “भाई, चाबी वापस देव.”

“कौन सी चाबी?”

“ताले की. मेरे पीछे आके तुम क्या करते, मेरे कू सब मालूम है.”

तो एक पायरी खाली उतरला. मग हळू आवाजात म्हणाला, “मेरेच ताले से मेरे कू बंद करे? मेरे कू क्या पड़ी है तुमारी बावली की?” हातातली कागदाची पुडी त्यानं कठड्यावर ठेवली आणि गेला. पुडीत घड्याळाच्या तारेचे केलेले दोन सिग्नल होते. ते बघूनही मला वाटलं, पुन्हा वर यायचा हा बहाणा असेल.

त्यानंतर तो आला नाही. आठवड्यानं मी सामान आणायला निघालो. मेट्रोच्या जिन्यापर्यंत गेलो आणि चष्मा घरीच राहिला हे लक्षात आलं. परत फिरलो. फाटक उघडलं तर गच्चीच्या जिन्याच्या पहिल्या पायरीशी आक्काच्या चपला.

वर गेलो. आक्का भाईच्या खुर्चीत बसली होती, पदरानं घाम पुसत. हातात केसांचा आकडा. त्यानं ती विहिरीच्या बुडाचा गोंद खरवडत होती.

“तू?” मी म्हटलं. “वर कशी आलीस?”

“बसत बसत. एकेका पायरीवर.”

“मला सांगायचंस ना!”

“तू बोलावलंस का कधी? गुडघे माझे दुखतात, आणि ठरवलंस तू.” मग तिनं विहीर उचलून रुळाच्या पलीकडं ठेवली. “विहीर इथं होती. गावाच्या अंगाला. आपल्या दारात नव्हती.”

“आई तर म्हणायची, दारातच होती.”

“तुला तसंच सांगायची. आई काठावर कधी चढली नाही. चढू देत नव्हते. लांब घागर ठेवून उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं. स्टेशनमास्तरची बायको ओतायची, पण तिच्या मनाला येईल तेव्हा. मी चौदा वर्षांची होते, मीपण उभी राहिलेय.”

मी खाली फरशीवरच बसलो. आईची ती मूर्ती मी काठावर उभी केली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला हौसेनं दाखवली होती.

“आणि भाईला मी बोललो तेव्हा गप्प का राहिलीस?”

“तेच चुकलं माझं,” ती म्हणाली. “त्याच्यासाठी तोंड उघडलं असतं तर हे सगळं सांगावं लागलं असतं.”

संध्याकाळी मी भाईच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. विहिरीचं ऐकताना त्यानं मान खाली घातली. पण माझी माफी त्यानं लगेच घेतली नाही. “गलती सब से होती,” तो म्हणाला. “पूछना तो था, भाई.” पंधरा दिवसांनी आला, आता पुन्हा येतो. पण टेबलाजवळ उभा राहिला की हात पाठीमागं बांधून राहतो. मी ब्रश पुढं केला तर म्हणतो, “नक्को, तुमीच करो.”

विहीर आता पलीकडंच आहे, आणि आई लांब उभी. आक्काला मी रविवारी हाताला धरून वर नेतो. ती एकेक गोष्ट सांगते आणि मी दुरुस्त करतो. चिंचा दोन नव्हत्या, एकच होती. फाटकाचा रंग लाल नव्हता.

मागच्या रविवारी मी मालधक्क्याच्या मागच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, “इथं काय होतं?”

“काही नव्हतं,” ती म्हणाली. फार पटकन म्हणाली, आणि चष्मा काढून पुसायला लागली.

मी पुढं विचारलं नाही. त्या जागेवर नुसता चहाचा चोथा पसरलाय.